जुन्या डिशवर फ्री डिश: गावच्या घरी सिग्नल जुळवतानाचा अनुभव

देवरुखजवळच्या आमच्या गावातल्या घरी एका खाजगी डीटीएच कंपनीची साठ सेंटिमीटरची डिश २०११ पासून पडवीच्या भिंतीवर होती. अलीकडच्या काही वर्षांत पावसाळ्यात तासन्‌तास चित्र जात असे, आणि पाऊस नसतानाही संध्याकाळी वारा सुटला की चित्राचे चौकोन होऊन ते थिजत असे. आई-बाबा पाहतात ते सह्याद्री वाहिनी, बातम्या, सकाळची भक्तिगीते आणि क्वचित एखादा जुना चित्रपट. एवढ्यासाठी दरमहा तीनशे रुपयांच्या वर रिचार्ज भरायचा आणि वर्षातले चार महिने निळ्या पडद्याकडे पाहत बसायचे, हे त्यांना पटत नव्हते. पण बदलायचे कसे, हेही कळत नव्हते. २०२२ च्या गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेले असताना टीव्ही असाच बंद पडला. बाजारातून बोलावलेल्या मेकॅनिकने डिशकडे एकदा खालूनच पाहिले आणि "डिश जुनी झाली, नव्वदची बसवा" असा निकाल दिला. नवी डिश, नवा बॉक्स आणि मजुरी धरून त्याचा अंदाज साडेपाच हजारांचा होता. त्याला नकार देऊन आहे त्याच डिशवर दूरदर्शनची फ्री डिश घ्यायचे आम्ही ठरवले. पुढचे सगळे लिहिते आहे ते याच पेचात असलेल्यांसाठी, कारण मला माहिती तुकड्यातुकड्यांत मिळाली आणि त्यातली बरीचशी जुनी निघाली.

प्रसार भारतीची ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली. तिला मासिक शुल्क नाही, नोंदणी नाही, ग्राहक क्रमांकही नाही. बॉक्स विकत घ्यायचा, डिश योग्य उपग्रहाकडे वळवायची, एवढेच. तो उपग्रह नेमका कोणता, इथेच पहिला गोंधळ होतो. सुरुवातीला प्रक्षेपण ९५ अंश पूर्व रेखांशावरच्या एनएसएस-६ वरून होत असे, पुढे ते ९३.५ अंशांवरच्या इन्सॅट-४बी वर आले आणि आता त्याच जागेवरच्या जीसॅट-१५ वरून होते. हा उपग्रह ११ नोव्हेंबर २०१५ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरू येथून एरियन-५ रॉकेटने सोडला गेला. जुनी माहितीपत्रके आणि काही बॉक्समधल्या तयार याद्या अजूनही जुनी नावे दाखवतात. नाव काहीही दिसो, आपल्याला ९३.५ अंश हवे आहेत, एवढे धरून चालावे. आमच्या जुन्या कंपनीचा उपग्रह ८३ अंशांवर होता, त्यामुळे डिश तिच्या जागी ठेवून नुसता बॉक्स बदलल्याने काहीही दिसणार नव्हते.

यंत्राला हात लावण्याआधी कागदपत्रे निकाली काढावीत, असा माझा सल्ला आहे. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी पुण्याहून कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन केला, तेव्हा पहिलीच अडचण समोर आली: खात्याला जोडलेला मोबाइल क्रमांक बाबांच्या फार पूर्वी बंद झालेल्या सिमचा होता आणि त्या क्रमांकावर येणाऱ्या सांकेतिक अंकांशिवाय खाते बंद करण्याची विनंती स्वीकारली जात नव्हती. त्यासाठी बाबांच्या सहीचा साधा अर्ज, आधार कार्डाची प्रत आणि बॉक्सच्या मागच्या बाजूला छापलेल्या क्रमांकाचे छायाचित्र ईमेलने पाठवावे लागले. नवा क्रमांक नोंदला जायला आठवडाभर लागला. मग खाते बंद करण्याची विनंती, तिचा नोंदणी क्रमांक, आणि त्यानंतर स्वस्त पॅक देऊ करणारे काही फोन. या फोनवर वाद न घालता प्रत्येक वेळी नोंदणी क्रमांक सांगावा आणि लेखी उत्तर मागावे. तोंडी आश्वासनाचा पुढे उपयोग होत नाही. डिश आणि बॉक्स आपल्या मालकीचे आहेत की भाड्याचे, हे मूळ पावतीवरून ठरते. आमची पावती बाबांच्या ट्रंकेत, वीजबिलांच्या गठ्ठ्यात सापडली. तीत संपूर्ण किंमत भरल्याची नोंद होती, अनामत रकमेचा उल्लेख नव्हता. म्हणून परत काही द्यायचे नव्हते. भाड्याची यंत्रसामग्री असेल तर ती परत दिल्याची सहीची पोच घेतल्याशिवाय भिंतीवरचा एकही बोल्ट काढू नये. बँकेतून रिचार्ज आपोआप वळता होत असेल तर ती सूचना वेगळी रद्द करावी लागते, कारण डीटीएच खाते बंद झाल्याचे बँकेला कोणी कळवत नाही. खाते बंद झाल्याचा संदेश ३० सप्टेंबरला आला, आणि त्याच संध्याकाळी मी गावच्या गाडीत बसले.

नवरात्र चालू होते आणि दसऱ्यापर्यंत मला सुट्टी होती. १ ऑक्टोबरच्या सकाळी शिडी लावून डिश प्रथमच जवळून पाहिली. मेकॅनिकच्या निकालाची शहानिशा करणे सोपे होते. डिशच्या कडेवर वरून खाली एक आणि डावीकडून उजवीकडे एक असे दोन दोरे ताणून बांधायचे. दोन्ही दोरे मध्यभागी एकमेकांना जेमतेम टेकत असतील तर डिशची कड सपाट आहे, म्हणजेच आकार शाबूत आहे. त्यांच्यामध्ये बोटभर फट पडली किंवा एक दोरा दुसऱ्याला दाबू लागला तर डिश पिळवटली आहे, असे समजावे. आमचे दोरे नीट टेकले. डिशच्या खालच्या कडेला गंज होता, रंग उडाला होता. पण पृष्ठभागावरचा वरवरचा गंज सिग्नल फारसा खात नाही. फ्री डिशच्या लहरींची लांबी सुमारे अडीच सेंटिमीटर असते आणि पत्रा दीड-दोन मिलिमीटरपेक्षा जास्त वाकडा झाला तर त्या एका बिंदूवर नीट गोळा होत नाहीत. म्हणून पोचा आलेली डिश टाकून द्यावी, गंजलेली मात्र घासून वापरावी. रंग द्यायचा असेल तर चकचकीत नसलेला द्यावा. तकतकीत रंगावरून ऊन परावर्तित होऊन एलएनबीवर, म्हणजे डिशसमोरच्या दांड्यावर बसवलेल्या सिग्नल पकडणाऱ्या डबीवर, एकवटते आणि तिचे प्लास्टिकचे तोंड तडकते. डिशच्या कडेला ॲल्युमिनियमचा कागद चिकटवून ती "मोठी" करण्याची युक्तीही मला सुचवली गेली होती. वर दिलेल्या मिलिमीटरच्या हिशेबात ती बसत नाही.

खरा दोष दुसरीकडे होता. डिशचा पाय जांभ्याच्या चिऱ्यात ठोकलेल्या चार बोल्टवर उभा होता आणि त्यांतले दोन बोटाने फिरत होते. जांभा मऊ आणि सच्छिद्र दगड. पावसाळ्यात तो पाणी पितो, भोक हळूहळू मोठे होते आणि बोल्ट निसटतो. साठ सेंटिमीटरच्या डिशच्या झोताची रुंदी सुमारे तीन अंश असते. रोख दीड अंशाने चुकला तर निम्मी शक्ती जाते. मध्याभोवती फिरणाऱ्या एवढ्या डिशची कड अवघी अर्धा सेंटिमीटर हलली तरी रोख जवळजवळ एक अंशाने बदलतो. संध्याकाळच्या वाऱ्यात चित्र का थिजत होते, याचे उत्तर त्या दोन बोल्टमध्ये होते. दुसरा दोष केबलच्या टोकाला. एलएनबीला जोडलेला एफ कनेक्टर उघडल्यावर आतून हिरवट पूड पडली आणि तांब्याची मधली तार काळी झालेली दिसली. केबलचे बाहेरचे आवरण खारींनी एके ठिकाणी कुरतडले होते, त्यातून पाणी जाऊन आतली जाळी कुजली होती. केबलमध्ये पाणी शिरले की ती वाळवून उपयोग नसतो, बदलावीच लागते.

आता दिशा. आमच्या गावाहून ९३.५ अंशांवरचा उपग्रह उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजल्यास सुमारे १२९ अंशांवर, म्हणजे जवळजवळ आग्नेयेला, आणि क्षितिजापासून साडेएकोणसाठ अंश उंचीवर येतो. जुना ८३ अंशांचा उपग्रह सुमारे १५० अंशांवर आणि ६७ अंश उंचीवर होता. थोडक्यात, डिश पूर्वेकडे वीस-एकवीस अंश वळवून सात-साडेसात अंश खाली झुकवायची होती. हे आकडे आपापल्या गावाच्या अक्षांश-रेखांशांवरून काढावे लागतात. मोबाइलवर त्यासाठी विनामूल्य ॲप मिळतात. आपल्या भागात चुंबकसूचीची उत्तर आणि खरी उत्तर यांत जेमतेम एखाद्या अंशाचा फरक पडतो, त्यामुळे साधे होकायंत्र चालते. मात्र ते डिशजवळ, पत्र्याच्या छपराखाली किंवा पाण्याच्या टाकीच्या लोखंडी सांगाड्यापाशी धरू नये. चार पावले दूर उभे राहून समोरच्या डोंगरावरची एखादी खूण हेरावी आणि मग तिच्या आधाराने रोख धरावा.

होकायंत्रापेक्षाही उपयोगी पडला तो सूर्य, आणि तारखा नेमक्या जुळून आल्या हे माझे नशीब. वर्षातून दोनदा, मार्चच्या मध्याच्या आसपास आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला, सूर्य आपल्या दृष्टीने थेट या उपग्रहाच्या मागे येतो. आमच्याकडे ती वेळ सकाळी पावणेअकरा ते सव्वाअकराच्या दरम्यान पडते. त्या वेळी सूर्याच्या प्रखर लहरींपुढे उपग्रहाचा क्षीण सिग्नल बुडतो आणि काही मिनिटे चित्र जाते; पण त्याच मिनिटांत सूर्य आपल्याला उपग्रहाची जागा फुकट दाखवत असतो. त्या वेळेला डिशच्या जागेवर ऊन पडत असेल तर वाट मोकळी आहे. सावली असेल तर जी वस्तू सावली पाडते तीच सिग्नलही अडवते. २ ऑक्टोबरला अकराच्या सुमारास मी खळ्यात उभी राहून पाहिले, तर पडवीची ती सबंध भिंत फणसाच्या सावलीत होती. २०११ साली हा फणस कौलांच्या खाली होता. जुन्या उपग्रहाची वाट अधिक दक्षिणेकडे आणि उंचावरून येत असल्यामुळे तिला फणस आड येत नव्हता. नव्या उपग्रहाच्या वाटेत तो बरोबर मधोमध उभा होता. नव्वद सेंटिमीटरची डिश त्याच भिंतीवर बसवली असती तर तीही त्याच सावलीत बसली असती. ओल्या पानांच्या दाट झाडोऱ्यातून या लहरी पार होत नाहीत, मग डिश कितीही मोठी असो.

इतर वेळी काम करणाऱ्यांसाठी एक सोपा हिशेब सांगते. आपल्या भागात हा उपग्रह बराच उंच असल्यामुळे दूरची झाडे आड येत नाहीत. डिशच्या पातळीपासून दहा मीटर उंच असलेले झाड त्या दिशेला सहा मीटरपेक्षा लांब असेल तर चिंता नाही. त्याहून जवळ असेल तर डिशची जागा बदलण्याचा विचार करावा. झाड दर वर्षी वाढणार, हेही त्यात धरावे.

फणसाच्या वरच्या फांद्या उतरवाव्यात, असे शेजारच्या एका काकांनी सुचवले. फणस हा १९६४ च्या वृक्षतोड नियमनाच्या कायद्यातल्या अनुसूचीत आहे. आंबा, चिंच, जांभूळ, ऐन, किंजळ हीदेखील त्यात आहेत. आपल्या मालकीच्या जागेतले झाड असले तरी ते तोडण्याला वन विभागाची परवानगी लागते. शिवाय तो फणस कापा जातीचा, आणि आईने तो विषय पहिल्याच वाक्यात संपवला. मोकळी जागा मिळाली ती खळ्याच्या वायव्य कोपऱ्यात, आमच्या आणि चुलत्यांच्या सामाईक गडग्याला (दगड रचून केलेल्या कुंपणाला) लागून. तिथे दिवसाचा बराच वेळ ऊन असते आणि आग्नेयेला घराचे कौल बऱ्यापैकी खाली राहते. जागा आमच्या बाजूची असली तरी केबल गडग्यावरून न्यायची होती, म्हणून त्याच संध्याकाळी बाबांबरोबर आप्पाकाकांकडे जाऊन विचारले. त्यांनी चहा होईपर्यंत काही उत्तर दिले नाही; मग "केबल खालून पाइपातून ने, गडग्यावर लोंबकळत ठेवू नको, पावसाआधी आम्ही गडगा रचतो तेव्हा तुटेल," असे सांगितले. सल्ला योग्य होता आणि आम्ही तो पाळला. सोसायटीत राहणाऱ्यांना याच जागी सचिवांना अर्ज आणि गच्चीवर भोक पाडणार नसल्याची लेखी हमी द्यावी लागते, असे पुण्यातल्या माझ्या इमारतीवरून मला माहीत आहे. आमच्याकडे चहावर निभावले.

३ ऑक्टोबरला गवंड्याला बोलावले. दीड फूट खोल खड्डा घेऊन त्यावर दोन फूट उंचीचा काँक्रीटचा ठोकळा ओतला आणि ओल्या काँक्रीटमध्येच चार पायाबोल्ट बसवले. बोल्टमधले अंतर डिशच्या पायातल्या भोकांशी जुळावे म्हणून जाड पुठ्ठ्यावर भोकांची खूण घेऊन तोच पुठ्ठा साचा म्हणून वापरला. गवंड्याला मी एकच आग्रह धरला: ठोकळ्याचा माथा दोन्ही दिशांनी पातळीत असला पाहिजे. डिशच्या मागच्या पट्टीवर उंचीचे अंश कोरलेले असतात, पण खांब ओळंब्यात उभा असेल तरच ते खरे ठरतात. खांब कलंडलेला असेल तर डिश डावी-उजवीकडे फिरवताना उंचीही गुपचूप बदलत राहते आणि माणूस तासन्‌तास उपग्रहाच्या वरून-खालून फिरत राहतो. ठोकळा दिवाळीपर्यंत मुरू द्यायचे ठरले. दसऱ्याला बाबांनी कोयती-कुऱ्हाडीबरोबर पान्ह्यालाही झेंडू वाहिला आणि मी पुण्याला परतले.

मधल्या काळात खरेदी झाली. एलएनबी अडीचशे रुपयांना, आरजी-६ जातीची पंचवीस मीटर केबल साडेचारशेला, सहा एफ कनेक्टर साठला. पायाबोल्टांना एकशेवीस, सिमेंट-वाळू-खडीला पाचशे आणि गवंड्याला आठशे रुपये आधीच गेले होते. बॉक्स अकराशेला मिळाला. बॉक्स घेताना एमपेग-४ (चित्र दाबून पाठवण्याची नवी पद्धत) चालणाराच घ्यावा. स्वस्तातल्या जुन्या एमपेग-२ बॉक्सवर काही वाहिन्या दिसत नाहीत. उपग्रहाचा सिग्नल शोधणारे, सॅटेलाइट फाइंडर नावाचे चारशे रुपयांचे छोटे यंत्रही घेतले. सगळे मिळून पावणेचार हजारांच्या आत बसले. त्यात फाइंडर उसना मिळाला तर चारशे वाचतात, आणि जुनी जागा योग्य असेल तर सिमेंटचा खर्चही नाही. केबल विकत घेताना मधली तार खरडून पाहावी. शुद्ध तांब्याची महाग असते. तांब्याचा मुलामा दिलेली लोखंडी तार पंचवीस-तीस मीटरपर्यंत चालून जाते, पण तिची टोके दमट हवेत लवकर गंजतात. सांधा मात्र मध्ये कुठेही नसावा. लांबीमुळे होणारी घट एलएनबी भरून काढते. खराब सांध्यातून आत शिरलेले पाणी कोणी भरून काढत नाही.

दिवाळीत २५ ऑक्टोबरला सूर्यास्ताच्या वेळी खंडग्रास ग्रहण होते, म्हणून आईने त्या दिवशी डिशला हात लावू दिला नाही. मला कारण पटले नाही, पण विश्रांती पटली. २६ तारखेला, भाऊबीजेच्या सकाळी, काम सुरू केले. धाकटा भाऊ घरात टीव्हीसमोर बसला आणि त्याने पडद्यावरचे आकडे व्हिडिओ कॉलवर मला दाखवत राहायचे, अशी व्यवस्था केली. ओरडून आकडे सांगण्यापेक्षा हे फार बरे. तरीही मध्येच बॉक्स बाहेर आणून छोट्या टीव्हीला जोडणे अधिक चांगले, कारण मोबाइलचे नेटवर्क आमच्या खळ्यात स्वतःच येऊन जाऊन असते.

या कामात सर्वांत महत्त्वाची गोष्ट बॉक्सच्या सिग्नलच्या पडद्यावर असते. तिथे दोन पट्ट्या दिसतात: एक स्ट्रेंथची, दुसरी क्वालिटीची. स्ट्रेंथची पट्टी डिश आकाशात कुठेही वळवली तरी पन्नास-साठ दाखवते, कारण ती एलएनबीचा स्वतःचा गोंगाटही मोजते. ती शून्य झाली तर केबल तुटली आहे किंवा एलएनबीपर्यंत वीज पोहोचत नाही, एवढाच अर्थ तिच्यातून घ्यावा. आपल्याला हवी ती क्वालिटी. बॉक्समध्ये एलएनबीचा प्रकार ९७५०/१०६०० असा ठेवून ११०९० मेगाहर्ट्झ, व्हर्टिकल, सिम्बॉल रेट २९५०० हा ट्रान्सपाँडर (उपग्रहावरचा एक प्रक्षेपक) निवडला आणि त्याच पडद्यावर थांबलो. चारशे रुपयांचा फाइंडर किणकिणतो तो कोणत्याही उपग्रहासाठी, ९१.५ आणि ९५ अंशांवरही उपग्रह आहेत आणि साठ सेंटिमीटरच्या डिशला ते फारच जवळचे. म्हणून फाइंडरने वस्ती शोधावी, घर मात्र बॉक्सनेच ओळखावे.

उंचीची पट्टी साडेएकोणसाठवर आणून तिचे बोल्ट किंचित आवळले, पण पूर्ण नाही. इथे पाहणाऱ्याला एक शंका येते: डिश तर फार खाली पाहते आहे. आपल्याकडच्या घरगुती डिश ऑफसेट प्रकारच्या असतात. त्यांचे तोंड उपग्रहाच्या दिशेपेक्षा वीस-पंचवीस अंश खाली झुकलेले असते आणि एलएनबी खालच्या बाजूने पुढे आलेली असते. त्यामुळे मोबाइलचे कोनमापक डिशच्या तोंडाला लावून मिळालेला आकडा उंची म्हणून धरू नये. मागच्या पट्टीवरचा आकडाच वाचावा. मग आग्नेयेकडची खूण समोर ठेवून डिश अगदी हळू, केसभर सरकवत, पूर्वेकडून दक्षिणेकडे नेली. बॉक्सला सिग्नल पकडून त्याची खात्री करायला दोन-तीन सेकंद लागतात. डिश भरभर फिरवली तर उपग्रह समोरून निघून गेला तरी पट्टी हलत नाही. प्रत्येक हालचालीनंतर श्वासभर थांबायचे, हाच नियम. पहिल्या फेरीत काहीच मिळाले नाही. उंची एक अंशाने कमी करून पुन्हा तीच फेरी, तरीही नाही. एक अंश वाढवून परतताना भावाच्या पडद्यावर क्वालिटी एकदम ३१ झाली आणि तो इतका ओरडला की फोनची गरज उरली नाही.

खरे काम त्यानंतरचे. आडव्या दिशेने सरकवत आकडा ज्या दोन्ही बाजूंना उतरू लागतो त्या दोन जागांवर पेन्सिलने खुणा करायच्या आणि डिश त्यांच्या बरोबर मध्यावर आणायची, तसेच उंचीचे. एवढ्याने आमची क्वालिटी ४८ वर आली. मग एलएनबीचा पट्टा सैल करून ती तिच्या स्वतःच्या अक्षाभोवती हळूहळू फिरवली. जमिनीच्या हिशेबाने लहरी ज्या प्रतलात कंप पावतात ते तिरपे येते आणि उपग्रह आपल्या दक्षिणेपासून जितका बाजूला, तितका हा तिरपेपणा वाढतो. म्हणून जुन्या उपग्रहाला जुळवलेली एलएनबी नव्याला तशीच चालत नाही. बहुतेक घरी हीच पायरी गाळली जाते, आणि माझ्या मते सगळ्यात स्वस्तात सगळ्यात जास्त फायदा इथेच मिळतो. एलएनबी फिरवून आकडा ६५ पर्यंत चढला, आणि ती तिच्या पकडीत काही मिलिमीटर पुढे-मागे करून ६९ झाला. जुनी एलएनबी पुन्हा लावूनही पाहिली. ती त्याच जागी ५७ दाखवत होती. म्हणजे अकरा वर्षे वापरलेली एलएनबी थकली होती हे खरे, पण एकट्या तिला बदलून घर दुरुस्त झाले नसते. हे आकडे आमच्या बॉक्सचे आहेत. दुसऱ्या बॉक्सवर तीच डिश वेगळे दाखवील, म्हणून दुसऱ्याच्या घरच्या आकड्याशी तुलना करू नये.

बोल्ट आवळताना डिश हमखास हलते. चारही बोल्ट आळीपाळीने, प्रत्येकी थोडेथोडे, पट्टीवर नजर ठेवून आवळले. एलएनबीच्या कनेक्टरवर आधी रबरी टोपी आणि तिच्यावर स्वतःलाच चिकटणारी जलरोधक टेप गुंडाळली. तिथून निघणाऱ्या केबलला खाली झोळ दिला, म्हणजे पाणी झोळाच्या तळातून टपकते, केबलवरून कनेक्टरकडे किंवा भिंतीतून घरात जात नाही. सहा वर्षांच्या पुतणीने सह्याद्री लागल्याचे जाहीर केले तेव्हा भाऊबीजेच्या ओवाळणीची वेळ टळून गेली होती. बाबांना वाहिन्यांपेक्षा आकाशवाणीचा कप्पा जास्त आवडला. फ्री डिशवर आकाशवाणीची अनेक केंद्रे ऐकू येतात आणि पाऊस पडत असतानाही खरखर नसते, हे त्यांना अजून नवलाचे वाटते.

अपेक्षा किती ठेवावी, हेही सांगायला हवे. फ्री डिशवरच्या खाजगी वाहिन्या लिलावातून जागा घेतात, म्हणून यादी बदलत राहते. आज दिसणारी वाहिनी पुढच्या वर्षी असेलच असे नाही. जुन्या पॅकमधल्या दोन मराठी मालिकांच्या वाहिन्या आईला सोडाव्या लागल्या आणि त्याबद्दल तिने मला अजून पूर्ण माफ केलेले नाही. अधूनमधून बॉक्समध्ये वाहिन्यांचा नव्याने शोध घ्यावा लागतो. रिमोटवरची ती कळ मी बाबांसाठी लाल नेलपॉलिशने रंगवून ठेवली आहे.

मार्च २०२३ च्या मध्यास सकाळी अकरानंतर काही दिवस थोडा वेळ चित्र गेले. ते सूर्यामुळे जाणार हे आधी सांगून ठेवल्यामुळे कोणी डिशला हात लावला नाही. जून-जुलैत आमच्याकडे जसा पाऊस कोसळतो तसा कोसळला. साध्या पावसात क्वालिटी ६९ वरून साठीच्या आसपास येते आणि चित्राला काही होत नाही. काळाकुट्ट ढग डोक्यावर येऊन ओततो तेव्हा दहा-पंधरा मिनिटे चित्र जाते, पाऊस ओसरला की परत येते. या लहरींना पावसाचे थेंब शोषतात आणि विखुरतात, तेवढे कोणत्याही घरगुती डिशला सोसावेच लागते. नव्वद सेंटिमीटरच्या डिशचे क्षेत्रफळ सव्वादोन पट असते, तेव्हा ती ही मिनिटे कमी करील हे नक्की. परंतु तिला वाराही तितकाच जास्त लागतो आणि तिचा झोत अरुंद असल्याने पाया अधिक पक्का लागतो. ज्यांच्या घरी एवढे करूनही साध्या पावसात चित्र जाते, त्यांनी तिचा जरूर विचार करावा.

ऑगस्टमध्ये एका दुपारी वानरांची टोळी खळ्यात उतरली आणि त्यांतल्या एकाने डिशवर बसून पाहिले. त्या दिवशी मी पुण्यात होते. दिवाळीतच डिशच्या मानेवर आणि खांबावर एकमेकांसमोर ऑइलपेंटच्या बारीक रेघा मारून ठेवल्या होत्या. बाबांनी त्या रेघा पुन्हा जुळवल्या, पान्ह्याने बोल्ट आवळला आणि संध्याकाळच्या बातम्यांच्या आधी मला फोन करून आकडा कळवला: ६८.